प्ले-ऑफ सामने, इंग्लिश फुटबॉलमधील

प्ले-ऑफ सामने, इंग्लिश फुटबॉलमधील : इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलच्या एका विभागातून त्याच्या वरच्या विभागात बढती मिळावयाच्या शेवटच्या जागेचा निर्णय करण्यासाठी हंगामाच्या अखेरीस खेळविण्यात येणारे निर्णायक सामने. सध्याच्या स्वरूपात ते १९८६-८७ च्या हंगामात सुरू झाले. त्यांची सर्वसाधारण पद्धत अशी : विभागातील पहिल्या दोन किंवा तीन संघांना गुणतक्त्यातील स्थानावरून सरळ बढती मिळते, त्यांच्या खालच्या चार संघांत उपांत्य फेरीचे सामने प्रत्येकी एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिपक्षाच्या मैदानावर होतात, विजयी संघ अंतिम सामन्यात एकमेकांशी लढतात आणि त्यातील विजेता वर जातो. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या विभागांत १९८८-८९ पासून दीर्घकाळ तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ या सामन्यांत उतरत आले. चौथ्या श्रेणीत तिघांना सरळ बढती असल्याने तेथे सामान्यतः चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे संघ खेळतात. तक्त्यात वर असलेल्या संघाला परतीचा सामना घरच्या मैदानावर मिळतो. सबंध हंगामातील श्रेष्ठतेबद्दल त्याला मिळणारी सवलत एवढीच.

या सामन्यांचे महत्त्व समजण्यासाठी इंग्लिश फुटबॉलची उतरंड ध्यानात घ्यावी लागते. तेथे क्लबचे स्थान कायम नसते. एखाद्या गिरणगावाचा किंवा खाणकामगारांच्या वस्तीचा क्लब वर्षानुवर्षे बढती मिळवीत सर्वोच्च विभागात पोहोचू शकतो आणि एके काळचा अजिंक्य संघ तितक्याच सहजपणे तळाशी जाऊ शकतो. वरच्या विभागात प्रेक्षक, जाहिराती व दूरचित्रवाणीचे उत्पन्न अधिक. खालच्या विभागात खेळाडूंचे वेतन भागविण्याचीही विवंचना. त्यामुळे मे महिन्यातील एका दुपारी लागणारा निकाल क्लबच्या पुढील अनेक वर्षांचे अंदाजपत्रक ठरवितो.

कसोटी सामने : निर्णायक सामन्यांची कल्पना १९८६ मध्ये नव्याने सुचली असा समज आढळतो, तो बरोबर नाही. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबचे संचालक विल्यम मॅग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली आणि १८९२ मध्ये तिला दुसरा विभाग जोडण्यात आला. दोन विभागांत अदलाबदल कशी करावी हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला. त्यावर ‘कसोटी सामने’ हा उपाय योजण्यात आला. पहिल्या विभागातील तळाचे तीन संघ व दुसऱ्या विभागातील वरचे तीन संघ यांनी त्रयस्थ मैदानावर परस्परांशी खेळावे, असे ठरले. १८९३ च्या पहिल्याच कसोटीत या पद्धतीचा विपरीतपणा उघड झाला. दुसऱ्या विभागात पहिला आलेला स्मॉल हीथ हा संघ पहिल्या विभागात सर्वांत शेवटी राहिलेल्या न्यूटन हीथकडून पुनर्सामन्यात पराभूत झाला आणि अजिंक्यपद मिळवूनही होता तेथेच राहिला. न्यूटन हीथ म्हणजेच पुढील काळातील मँचेस्टर युनायटेड. उलट दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचे शेफील्ड युनायटेड व डारवेन हे संघ अनुक्रमे ॲक्रिंग्टन व नॉट्स काउंटी यांना हरवून वर गेले. लीगच्या संस्थापक क्लबांपैकी एक असलेल्या ॲक्रिंग्टनने दुसऱ्या विभागात खेळण्यापेक्षा लीगचा राजीनामा देणे पसंत केले. पुढच्या वर्षी लिव्हरपूल संघ दुसऱ्या विभागात एकही सामना न हरता पहिला आला. त्यालाही न्यूटन हीथविरुद्ध कसोटी द्यावी लागली आणि ती जिंकूनच तो वर गेला.

पुढे कसोटी सामन्यांना चार संघांच्या छोट्या साखळीचे रूप देण्यात आले आणि त्यातच त्यांचा अंत ओढवला. १८९८ मध्ये स्टोक व बर्नली यांच्यातील शेवटच्या सामन्यापूर्वी गुणांची स्थिती अशी होती, की बरोबरी झाल्यास दोघांचीही पहिल्या विभागातील जागा निश्चित होणार होती. सामना ०–० असा सुटला. दोन्ही संघांनी गोल करण्याचा प्रयत्न जवळजवळ केलाच नाही आणि जमलेल्या प्रेक्षकांना तो प्रकार तत्काळ उमगला. लीगने पहिल्या विभागातील संघांची संख्या सोळावरून अठरा केली, ज्यांच्यावर अन्याय झाला त्या न्यूकॅसल युनायटेड व ब्लॅकबर्न रोव्हर्स यांनाही पहिल्या विभागात जागा दिली आणि कसोटी सामने कायमचे बंद केले. त्यांच्या जागी दोन संघांची सरळ बढती व दोघांची सरळ अवनती हा नियम आला. साध्या अंकगणितावर चालणारी ही व्यवस्था, तपशिलातील फेरबदल वगळता, सुमारे नव्वद वर्षे टिकली.

ही व्यवस्था न्याय्य होती. दयाळू मात्र नव्हती. १९२० मध्ये तिसरा विभाग निघाला व पुढच्याच वर्षी त्याचे दक्षिण व उत्तर असे दोन भाग पडले. या प्रत्येक भागातून केवळ पहिल्या क्रमांकाच्या संघास बढती असे. प्लिमथ आर्गाइल हा क्लब १९२१-२२ पासून सलग सहा हंगाम दक्षिण विभागात दुसरा आला आणि सहाही वेळा जागच्या जागी राहिला. त्याला बढती मिळावयास १९३० साल उजाडले. १९५८ मध्ये भौगोलिक विभागणी रद्द होऊन राष्ट्रीय पातळीवरील तिसरा व चौथा विभाग अस्तित्वात आला. चौथ्या विभागातून चार संघ वर जाऊ लागले. वरच्या विभागांत ‘तीन वर, तीन खाली’ हा नियम १९७३-७४ च्या हंगामापासून लागू झाला. तरीही फेब्रुवारी-मार्चपर्यंत तक्त्याच्या मध्यभागी अडकलेल्या दहाबारा संघांना उरलेल्या हंगामात मिळविण्यासारखे किंवा गमावण्यासारखे काही उरत नसे. थंडीपावसात असे निरर्थक सामने पाहण्यास येणाऱ्यांची संख्या घटत गेली, यात आश्चर्य नाही.

चौथ्या विभागाच्या तळाशी तर खेळापेक्षा मतदानाचे महत्त्व अधिक होते. तेथील शेवटच्या चार क्लबांना लीगच्या वार्षिक सभेपुढे पुनर्निवडीसाठी अर्ज करावा लागे आणि लीगबाहेरच्या इच्छुक क्लबांचे अर्जही त्याच वेळी मताला टाकले जात. जुन्या सभासदांना सांभाळून घेण्याकडे सर्वांचा कल असे. आज दुसऱ्यावर आलेली पाळी उद्या आपल्यावर येईल, हे प्रत्येकाला ठाऊक होते. क्वचित एखाद्याचा बळी जाई : १९७० मध्ये ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यूऐवजी केंब्रिज युनायटेड, १९७७ मध्ये वर्किंग्टनऐवजी विंबल्डन आणि १९७८ मध्ये साउथपोर्टऐवजी विगन ॲथलेटिक यांची निवड झाली. विंबल्डनने अवघ्या नऊ वर्षांत पहिला विभाग गाठला. लीगबाहेर किती गुणवत्ता अडकून पडली होती याचा याहून बोलका पुरावा देता येणार नाही. १९८० साली ऑल्ट्रिंगम या क्लबला पंचवीस व रॉचडेलला सव्वीस मते पडली. एका मताने रॉचडेल वाचला, ऑल्ट्रिंगम बाहेर राहिला आणि लीगचे दार त्याच्यासाठी पुन्हा कधी उघडले नाही.

१९८५ चे अरिष्ट : या वर्षी इंग्लिश फुटबॉल अत्यंत हलाखीच्या अवस्थेत होते. ११ मे रोजी ब्रॅडफर्ड सिटीच्या लाकडी प्रेक्षागाराला आग लागून ५६ जण मरण पावले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस ब्रुसेल्समधील हायझेल मैदानावर लिव्हरपूल व युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्यापूर्वी झालेल्या दंग्यात ३९ प्रेक्षक प्राणास मुकले व इंग्लिश क्लबांना यूरोपीय स्पर्धांतून बाहेर काढण्यात आले. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना सुमारे ४ कोटी १२ लाख प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये ती संख्या १ कोटी ६५ लाखांपर्यंत उतरली. मोठे क्लब फुटून निघण्याची भाषा करू लागले. त्यांना थोपविण्यासाठी डिसेंबर १९८५ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ झालेल्या बैठकीत दहा कलमी तडजोड झाली. तीनुसार दूरचित्रवाणी व पुरस्कर्त्यांच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा पहिल्या विभागाकडे गेला, त्या विभागातील क्लबांची संख्या बावीसवरून वीस करण्याचे ठरले आणि ही घट अमलात आणण्याचे साधन म्हणून प्ले-ऑफ सामन्यांची योजना मान्य झाली. म्हणजे या सामन्यांचा जन्म हिशेबाच्या गरजेतून झाला. त्यांतून निर्माण होणाऱ्या उत्कंठेचा लाभ पुढे सर्वांनाच कळला. याच सुधारणांबरोबर पुनर्निवडीची प्रथा बंद झाली व १९८६-८७ पासून चौथ्या विभागातील शेवटचा संघ आणि लीगबाहेरच्या कॉन्फरन्स या स्पर्धेतील पहिला संघ यांची सरळ अदलाबदल सुरू झाली. पहिल्या वर्षी नील वॉर्नक यांच्या व्यवस्थापनाखालील स्कारबरो वर आला व लिंकन सिटी खाली गेला.

पहिले हंगाम : १९८७ चे पहिले प्ले-ऑफ आजच्याहून वेगळे व अधिक निर्दय होते. त्यांत खालच्या विभागातील तीन संघांबरोबर वरच्या विभागात जेमतेम वाचलेला एक संघ उतरविला जाई. वरच्याने आपली जागा राखावयाची व खालच्यांनी ती हिसकावून घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. जर्मनीत आजही वरच्या विभागाचा खालून तिसरा संघ व खालच्या विभागाचा तिसरा संघ यांच्यात अशीच लढत होते. इंग्लंडमध्ये ही पद्धत दोनच वर्षे टिकली. पण तेवढ्यात तिने अनेक प्रतिष्ठित घराणी जमिनीवर आणली.

सहा वेळा इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविलेला संडरलंड दुसऱ्या विभागात विसावा आला होता. केंट परगण्यातील जिलिंगम या क्लबला तिसऱ्या विभागाच्या वर जाण्याचे भाग्य तोवर लाभले नव्हते. त्याने स्वतःच्या मैदानावर संडरलंडला ३–२ असे हरविले. परतीच्या सामन्यात जादा वेळेनंतर संडरलंड ४–३ असा विजयी झाला. एकूण गोल सहा-सहा झाले; परंतु प्रतिपक्षाच्या मैदानावरील गोलांना अधिक वजन देण्याच्या नियमाने जिलिंगम पुढे सरकला व संडरलंड इतिहासात प्रथमच तिसऱ्या विभागात उतरला. जिलिंगमच्या हाती मात्र काही लागले नाही. अंतिम फेरीत स्विंडन टाउनशी दोन सामन्यांनंतरही बरोबरी राहिली आणि लंडनमधील सेल्हर्स्ट पार्कवर झालेल्या तिसऱ्या सामन्यात स्टीव्ह व्हाइटच्या दोन गोलांनी स्विंडन वर गेला.

चौथ्या विभागातील कथा याहून विलक्षण आहे. १९५० च्या दशकात तीनदा अजिंक्य ठरलेला वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा संघ तेव्हा तळाच्या विभागात पोहोचला होता. तो ७९ गुणांसह चौथा आला. ऑल्डरशॉट हा लष्करी छावणीच्या गावचा छोटासा क्लब ७० गुणांसह सहावा. ऑल्डरशॉटने प्रथम तिसऱ्या विभागातील बोल्टन वाँडरर्सला दोन सामन्यांत मिळून ३–२ असे हरवून खाली ढकलले. वेम्बलीवरील पहिला, म्हणजे १९२३ चा, एफ्. ए. कप अंतिम सामना जिंकणारा बोल्टन अशा रीतीने प्रथमच चौथ्या विभागात गेला. नंतर ऑल्डरशॉटने वुल्व्हरहॅम्प्टनवर २–० व १–० अशी मात केली. नऊ गुणांच्या अंतराला कसलाही अर्थ उरला नाही. तथापि पुढचा इतिहास या निकालाच्या नेमका उलट आहे. वुल्व्हरहॅम्प्टनने १९८८ मध्ये चौथ्या व १९८९ मध्ये तिसऱ्या विभागाचे अजिंक्यपद मिळविले. ऑल्डरशॉटला वरची जागा पेलली नाही, त्याचे कर्ज वाढत गेले आणि मार्च १९९२ मध्ये, हंगाम चालू असतानाच, तो क्लब बंद पडला. त्याच्या समर्थकांनी स्थापन केलेला ऑल्डरशॉट टाउन हा नवा क्लब २००८ मध्ये लीगमध्ये आला. सर्वांत वरच्या पातळीवर त्या वर्षी चार्लटन ॲथलेटिकने लीड्स युनायटेडला तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत २–१ असे हरवून पहिल्या विभागातील आपली जागा राखली. पुढच्या वर्षी मिडल्सबरोने चेल्सीला खाली ओढले. वरच्या विभागातून प्ले-ऑफमुळे घसरलेला तो शेवटचा संघ.

पहिल्या विभागात वीस संघ उरताच मूळ प्रयोजन संपले. पण प्रेक्षकांना गोडी लागली होती, क्लबांच्या तिजोरीत भर पडत होती. म्हणून प्ले-ऑफ चालू ठेवण्यात आले आणि १९८९ पासून त्यांत खालच्याच विभागातील चार संघ उतरू लागले. १९९० मध्ये अंतिम लढत एकाच सामन्याची झाली व ती वेम्बलीवर नेण्यात आली. हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. एरवी ज्या क्लबच्या खेळाडूंना व पाठीराख्यांना वेम्बलीचे दर्शन आयुष्यात घडले नसते, त्यांना तेथे जाण्याची वाट मिळाली. चौथ्या विभागातील तीनचार हजार प्रेक्षकांच्या क्लबमागे त्या दिवशी सबंध गाव लोटू लागले. वेम्बलीची पुनर्बांधणी चालू असताना, २००१ ते २००६ या काळात, हे सामने कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर झाले.

स्विंडनचे प्रकरण : वेम्बलीवरील पहिल्याच वर्षी या पद्धतीला एका प्रशासकीय निर्णयाचे ग्रहण लागले. २८ मे १९९० रोजी ओस्वाल्डो आर्दिलेस यांच्या व्यवस्थापनाखालील स्विंडनने दुसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यात संडरलंडला १–० असे हरविले व प्रथमच पहिल्या विभागात जाण्याचा मान मिळविला. त्यानंतर काही दिवसांतच, खेळाडूंना नियमबाह्य रकमा दिल्याबद्दल, लीगने त्याची बढती रद्द केली व त्याला थेट तिसऱ्या विभागात उतरविले. अपिलानंतर ही शिक्षा सौम्य होऊन स्विंडन दुसऱ्या विभागातच राहिला. रिकामी जागा मिळाली ती अंतिम सामन्यात हरलेल्या संडरलंडला. हा संघ तक्त्यात सहावा होता. तिसरा आलेला त्याचा शेजारी व कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकॅसल युनायटेड उपांत्य फेरीत त्याच्याकडून हरला असल्याने तसाच मागे राहिला. न्यूकॅसलकरांनी या निर्णयाविषयी काय म्हटले असेल, त्याची कल्पना करता येते. संडरलंड पुढच्याच वर्षी परत खाली आला. स्विंडनने १९९३ मध्ये लेस्टर सिटीला ४–३ असे हरवून हुकलेली बढती अखेर मिळविली, मात्र वरच्या विभागात एका हंगामात शंभर गोल स्वीकारून तोही परतला.

न्यायान्यायाचा प्रश्न : या सामन्यांवरचा मुख्य आक्षेप १८९३ इतकाच जुना आहे. शेहेचाळीस सामन्यांनी सिद्ध केलेली गुणवत्ता दोन-तीन सामन्यांत, कधी पेनल्टी किकच्या एका चुकीने, रद्द का व्हावी? समर्थक उत्तर देतात, की नियम हंगामाच्या आरंभीच सर्वांना माहीत असतो आणि सरळ बढतीच्या जागा शिल्लक असताना त्या न मिळविणाऱ्याने तक्रार करू नये. हे उत्तर तर्काला धरून असले, तरी हरलेल्या संघाचे समाधान करणारे नाही. प्रेस्टन नॉर्थ एंड हा लीगचा पहिला अजिंक्य संघ नऊ वेळा या सामन्यांत अपयशी ठरला व २०१५ मध्ये दहाव्या प्रयत्नात स्विंडनला ४–० असे हरवून वर गेला. शेफील्ड युनायटेड २०२५ अखेर एकदाही यशस्वी झालेला नव्हता. उलट ब्लॅकपूलला हे सामने मानवले. १९९१ मध्ये टॉर्कीविरुद्ध पेनल्टी किकवर हरल्यानंतर त्याने १९९२, २००१, २००७, २०१० व २०२१ या वर्षी बढती मिळविली आणि तिन्ही विभागांचे प्ले-ऑफ जिंकून दाखविले.

प्ले-ऑफच्या बाजूने अधिक वजनदार मुद्दा वेगळाच आहे व तो सामन्यांच्या नाट्यमयतेशी संबंधित नाही. बढतीची आशा जिवंत असलेल्या संघांची संख्या त्यांनी दुपटीहून अधिक वाढविली. एप्रिलमध्ये दहाव्या क्रमांकावर असलेल्या संघाचे मैदानही त्यामुळे भरलेले राहू लागले. खालच्या विभागांतील क्लब दूरचित्रवाणीपेक्षा प्रवेशद्वारावरील तिकिटांवर जगतात. त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. तिची दुसरी बाजूही नमूद करावयास हवी. बढती नेहमीच हाताच्या अंतरावर दिसत राहिल्याने कुवतीबाहेर खर्च करण्याचा मोह वाढला आणि ऑल्डरशॉटसारखी उदाहरणे पुढेही घडत राहिली.

मँचेस्टर सिटीचे उदाहरण या चर्चेत वारंवार दिले जाते. दोनदा अजिंक्यपद मिळविलेला हा क्लब १९९८-९९ मध्ये प्रथमच तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. ३० मे १९९९ रोजी वेम्बलीवर सुमारे ७७ हजार प्रेक्षकांसमोर त्याची गाठ जिलिंगमशी पडली. ८७ व्या मिनिटाला जिलिंगमने दुसरा गोल केला तेव्हा सिटीचे कित्येक समर्थक उठून बाहेर पडू लागले. नव्वदाव्या मिनिटाला केव्हिन हॉरलॉकने एक व थांबलेल्या वेळेच्या पाचव्या मिनिटाला पॉल डिकोव्हने दुसरा गोल करून बरोबरी साधली आणि गोलरक्षक निकी वीव्हरच्या कामगिरीमुळे सिटीने पेनल्टी किकवर ३–१ असा विजय मिळविला. सिटीच्या पुढील उत्कर्षाचे मूळ त्या पाच मिनिटांत शोधण्याची क्रीडालेखकांची आवड जुनी आहे. प्रत्यक्षात त्या उत्कर्षास २००८ मध्ये क्लबचे झालेले हस्तांतर व त्यामागून आलेले अफाट भांडवल हेच कारण होते. वेम्बलीवर सिटी हरला असता तर भांडवलदारांनी कोणता क्लब निवडला असता, हे सांगण्याचे साधन नाही. जिलिंगमच्या वाट्याला त्या पराभवानंतर फार काळ वाट पाहणे आले नाही. पुढच्याच वर्षी त्याने विगनला जादा वेळेत ३–२ असे हरवून इतिहासात प्रथमच दुसरी श्रेणी गाठली.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध एका क्लबपुरता येतो. १८९८ च्या कसोटी सामन्यांत खेळलेला व १९९२ मध्ये प्ले-ऑफ जिंकून नव्या प्रीमियर लीगमध्ये गेलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने विकत घेतला. त्यानंतर तो २०१२ मध्ये दुसऱ्या व २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि २०१८ मध्ये दुसरा क्रमांक मिळवून सरळ बढतीने परतला.

लीगबाहेरील दार : कॉन्फरन्समधून वर येण्याचा मार्ग १९८७ मध्ये खुला झाला, तरी तो अरुंदच होता. बढती एकाच क्लबला आणि तीही मैदान लीगच्या अटी पूर्ण करीत असेल तरच. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड व १९९६ मध्ये स्टीव्हनेज हे तीन अजिंक्य संघ याच कारणाने अडविण्यात आले. २००३ पासून दुसरी जागा देण्यात आली व ती प्ले-ऑफने भरली जाऊ लागली. डॉनकॅस्टर रोव्हर्सने त्या वर्षी जादा वेळेतील पहिल्या गोलाने सामना संपविण्याच्या तत्कालीन नियमानुसार डॅगनम अँड रेडब्रिजला ३–२ असे हरवून ती प्रथम पटकावली. १९८९ मध्ये विसर्जित झालेला न्यूपोर्ट काउंटी पुनर्जन्मानंतर २०१३ मध्ये याच दाराने आत आला.

या दाराने आलेल्यांत विंबल्डनची कथा विशेष आहे. १९७७ मध्ये मतांच्या बळावर लीगमध्ये आलेल्या मूळ क्लबला २००२ मध्ये सुमारे ९० किमी. दूरच्या मिल्टन कीन्झ येथे स्थलांतर करण्याची परवानगी मिळाली. ती मान्य नसलेल्या समर्थकांनी त्याच वर्षी ए. एफ्. सी. विंबल्डन हा क्लब स्थापन केला आणि उतरंडीच्या नवव्या पायरीपासून आरंभ केला. नऊ वर्षांनी, २०११ मध्ये, तो कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळत होता. प्रतिस्पर्धी ल्यूटन टाउन होता. सामना गोलशून्य राहिला व पेनल्टी किकवर विंबल्डन ४–३ असा जिंकला. २०१६ मध्ये प्लिमथ आर्गाइलला २–० असे हरवून तो तिसऱ्या श्रेणीत आला. त्याच वर्षी मिल्टन कीन्झचा संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली उतरल्याने ज्या क्लबने त्यांना पोरके केले होते त्याच्याच बरोबरीने ते उभे राहिले.

हरलेल्या ल्यूटनचा प्रवास त्याहून दीर्घ आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च विभागातून घसरलेल्या या क्लबला २००८-०९ च्या हंगामाच्या आरंभीच आर्थिक गैरव्यवहारांबद्दल तीस गुणांची वजावट झाली आणि तो लीगबाहेर फेकला गेला. तेथे २०१०, २०११ व २०१२ अशी सलग तीन वर्षे त्याने प्ले-ऑफ गमावले. २०१४ मध्ये अजिंक्यपद मिळविल्यावरच त्याची सुटका झाली. २७ मे २०२३ रोजी वेम्बलीवर त्याची लढत कॉव्हेंट्री सिटीशी झाली. कॉव्हेंट्रीही २०१८ पर्यंत चौथ्या श्रेणीत होता व तेथील प्ले-ऑफ जिंकूनच वर आला होता. १–१ अशा बरोबरीनंतर ल्यूटनने पेनल्टी किकवर ६–५ असा विजय मिळवून प्रीमियर लीगमध्ये प्रवेश केला. पेली-रडक म्पान्झू हा खेळाडू पाचव्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंत या क्लबकडूनच खेळला. वरच्या विभागातील वास्तव्य एका हंगामाचेच ठरले. २०२५ मध्ये ल्यूटन पुन्हा तिसऱ्या श्रेणीत उतरला.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे तिसऱ्या व चौथ्या श्रेणीचे हंगाम अर्धवट सोडावे लागले आणि दर सामन्यामागील गुणांच्या सरासरीने क्रमवारी लावण्यात आली. खेळ थांबला तेव्हा आठवा असलेला वायकम वाँडरर्स या हिशेबात तिसरा ठरला व रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्ड युनायटेडला २–१ असे हरवून प्रथमच दुसऱ्या श्रेणीत गेला. सहाव्या स्थानावरील पीटरबरो युनायटेड मात्र एका जागेने बाहेर पडला. त्याच पीटरबरोने २०२३ मध्ये ९६ गुण मिळविलेल्या शेफील्ड वेन्झ्डेला उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात ४–० असे लोळविले; त्याचे स्वतःचे गुण ७७ होते. परतीच्या सामन्यात वेन्झ्डेने थांबलेल्या वेळेच्या अखेरीस चौथा गोल करून बरोबरी गाठली, जादा वेळेत ५–१ अशी आघाडी राखून पेनल्टी किकवर विजय मिळविला आणि पुढे बार्न्झ्लीविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी जिंकला.

त्याच महिन्यात पाचव्या श्रेणीच्या नॅशनल लीगमध्ये सरळ बढतीची एकच जागा ठेवण्यातील विसंगती टोकाला गेली. रेक्समने १११ गुण मिळवून ती जागा घेतली. नॉट्स काउंटी शेहेचाळीसपैकी तीनच सामने हरला होता व त्याचे गुण १०७ होते. तिसऱ्या क्रमांकाचा चेस्टरफील्ड त्याच्याहून तेवीस गुणांनी मागे होता. १८६२ साली स्थापन झालेला, लीगच्या संस्थापकांपैकी एक व १८९३ च्या पहिल्या कसोटी सामन्यांत डारवेनकडून हरून खाली गेलेला हा क्लब १३० वर्षांनी पुन्हा तशाच परीक्षेस बसला. उपांत्य फेरीत बोरम वुडविरुद्ध दोन गोलांनी पिछाडीवर असताना त्याने जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटाला ३–२ असा विजय खेचून आणला. वेम्बलीवर गाठ पडली ती चेस्टरफील्डशीच. सामना २–२ असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टी किकवर नॉट्स काउंटीने ४–३ अशी बढती मिळविली.